कार्डावरचा वाघ

आत्या,

काल तुझी तेरवी झाली. जेवण बरं होतं. वरणात मीठ जरा जास्त पडलं होतं, पण पंगतीत तसं तोंडावर सांगणारी एकटी तूच होतीस, म्हणून कोणी काही बोललं नाही. दुपारच्या गाडीने जळगाव जामोदहून निघालो आणि दिवेलागणीला बुलढाण्यात घरी पोचलो. आज रविवार, कोर्टाला सुट्टी. घरातले सगळे आपापल्या मोबाईलमध्ये मान घालून बसलेत, तेव्हा मी कागद घेऊन बसलो.

तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे काल पुष्कळ होते. तुझा एक जुना विद्यार्थी, आता चांगला टक्कल पडलेला, बायकापोरांसमोर हमसून हमसून रडला. मी रडलो नाही. मला तुझ्याशी एक वाद पुरा करायचा होता आणि दर वेळी तू तारीख घेत गेलीस. तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेल्या माणसाला तारखांची सवय असते, पण त्याचाही जीव कधीतरी वैतागतो. म्हणून आज एकतर्फी का होईना, पण सगळं लिहून काढतो.

मागच्या महिन्यात माझ्या पोराला ही गोष्ट सांगायला गेलो. तो म्हणाला, "बाबा, एवढं रडण्याआधी फोन करून विचारायचं ना." कुठून सुरुवात करायची? गावात फोन नव्हता, हे त्याला कळतं. पण नव्हता म्हणजे तो असावा असं कोणाला वाटतही नव्हतं, हे कसं समजावून सांगायचं?

आपल्या गावात डाक आठवड्यातून दोनदा यायची, मंगळवारी आणि शुक्रवारी. डाकवाले शब्बीरचाचा नाल्याच्या चढावर सायकलवरून उतरायचे, आणि आम्ही पोट्टे हातातला विटीदांडू टाकून त्यांच्याकडे पळायचो. पत्र आपल्या घरचं असायलाच पाहिजे असं काही नव्हतं. कोणाचंही असो, ते घरोघरी पोचवायचा मान मिळायचा. चाचा नुसतं नाव सांगायचे आणि आम्ही वाऱ्यासारखे सुटायचो. ज्याच्या घरी पत्र यायचं तिथे चार शेजारी जमायचेच. पत्र एकाचं आणि ऐकणारे दहा, त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही.

आणि वाचणारी तू. आपल्या आळीत बारावी झालेली बाई एकच होती. अठरा-एकोणीस वर्षांची असशील, पण साठीच्या म्हाताऱ्या तुझ्यासमोर पदर सारखा करून बसायच्या. तू वाचायचीस, उत्तरंही लिहायचीस, आणि त्या उत्तरांत काय काय घालायचीस हे मला ठाऊक होतं, कारण दौत धरून मीच बाजूला बसलेला असायचो. शेजारच्या नव्या सुनेला सासूने दोन दिवाळ्या माहेरी धाडलं नव्हतं. सासू समोर बसून मजकूर सांगत होती, "लिही, सून मजेत हाये." तू लिहिलंस की सुनेला पंधरा दिवस ताप आहे, येऊन घेऊन जा. सासूला वाचता येत नव्हतं. आठ दिवसांनी भाऊ बैलगाडी घेऊन दारात हजर. तू ओट्यावर बसून तांदूळ निवडत होतीस, मान वर करून पाहिलंही नाहीस. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. कागदाकडून काम कसं करून घ्यायचं हे तुला कळत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

मला तेव्हा तिकिटांचा नाद होता. जुन्या वहीत खळीने चिकटवलेली शंभरेक तिकिटं होती. पाकिटावरचं तिकीट तू वाटीतल्या पाण्यात भिजवून अलगद सोडवून द्यायचीस. पण साध्या पोस्टकार्डावर तिकीट छापलेलंच असायचं, उजव्या कोपऱ्यात वाघाचं तोंड. ते मला फार पाहिजे होतं. मागितलं की तू एकच सांगायचीस, "कार्डावरचा नाही." काऊन नाही, ते सांगायची नाहीस.

कारण आता सगळ्यांना सांगावं लागतं. त्या वेळी मोठ्या माणसांना ते सांगावं लागत नव्हतं. मौतीची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. असं कार्ड घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं, वाचून झालं की तिथेच फाडून टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. मी नऊ वर्षांचा. मला कळायला लागल्यापासून आपल्याकडे तसं कार्ड आलेलं नव्हतं, आणि दुसऱ्यांकडे आलं की आम्हा पोरांना आधी हुसकून लावायचे. तेव्हा मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

तो मंगळवार होता, उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या. त्याच्या पंधरा दिवस आधी देऊळगाव राजाचे पाहुणे तुला पाहून गेले होते. मी चहाचे कप उचलायला आत-बाहेर करत होतो, म्हणून बरंचसं माझ्या कानावर पडलं. मुलगा बोललाच नाही. बोलला त्याचा काका. आबांनी कौतुकाने तुझी बारावीची गुणपत्रिका पुढे केली. काकाने ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "हे आता पेटीत ठेवून द्या. आमच्याकडे याचं काम नाही पडत." आबा हसले. आजोबा माझे, पण बाप तुझे, म्हणून त्या हसण्याचं तुला काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही. तू गुणपत्रिका उचललीस आणि आत गेलीस.

त्या मंगळवारी शब्बीरचाचांनी आपलं कार्ड माझ्या हातात दिलं नाही. तू नाल्याकडून पाणी घेऊन येत होतीस, त्यांनी तुझ्याच हातात ठेवलं. तू घागर कडुनिंबाखाली टेकवलीस आणि उभ्याउभ्या वाचलंस. मग दुसऱ्यांदा वाचलंस. मी समोरच होतो.

"गजू, इकडे ये. वाघ पाह्यजे काय तुले?"

"कार्डावरचा तू देत नाही ना."

"आज घे. पण नीट फाडजो. कोपरा पुरा आला पाह्यजे."

कोपरा पुरा आला पाहिजे. आत्या, मी कोर्टात हजारो जबान्या उतरवून घेतल्या, त्यातली एक मला धड आठवत नाही. हे वाक्य मात्र तुझ्या आवाजासकट लक्षात आहे. मी जीभ बाहेर काढून, श्वास रोखून कोपरा फाडला. वाघ अख्खा निघाला, मिशांसकट. तू म्हणालीस, "आता कार्ड आजीजवळ नेऊन दे. मी धुण्याले चालली." धुणं सकाळीच झालं होतं, दोरीवर वाळत होतं. तू त्यातलेच चार कपडे ओढून बादलीत घातलेस आणि मळ्यातल्या विहिरीकडे निघालीस.

आजी अंगणात कुरडयांवरचे कावळे हाकलत बसली होती. मी कार्ड तिच्या मांडीवर टाकलं आणि वही आणायला आत पळालो. मागून आवाज आला तो मी आजवर विसरलो नाही. तिचा खामगावकडचा भाऊ महिनाभर अंथरुणावर होता. आजीने कोपरा पाहिला आणि त्याच्या नावाने हंबरडा फोडला. पाच मिनिटांत अंगण भरलं. कोणीतरी चूल विझवली. कोणीतरी कार्ड काडीने उचलून अंगणाबाहेर दगडाखाली ठेवलं. माझी आई तिकडे आजीला धरून बसली. वाचायला कोणी नव्हतं. माणसं शेतात होती, आणि जी वाचू शकली असती ती विहिरीवर धुतलेले कपडे पुन्हा धूत होती. सव्वा तास रडारड चालली. मी माजघरात बसून वाघाला खळ लावत होतो. मला वाटलं, मामाआजोबा गेले म्हणून रडतात. माझ्यामुळे रडतात हे मला सुचलंच नाही.

मग बाबा शेतातून धावत आले. त्यांनी कार्ड दगडाखालून काढलं आणि अंगणाबाहेर उभं राहून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मुलगी पसंत आहे, सुपारी फोडायला यावं. बायका मध्येच थांबल्या. एका काकूचा पदर तोंडाकडे नेलेला तसाच राहिला. आजी म्हणाली, "मंग मह्या भावाले काय झालं?" बाबा म्हणाले, "काही नाही झालं बाई, भाऊ जित्ता हाये तुह्या." तो भाऊ पुढे अकरा वर्षं जगला. बरा होऊन आला तेव्हा आधी मला समोर बोलावलं, म्हणाला, "मले मारणारा तो हाच काय बे?" आणि हातावर पेढा ठेवला.

पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. आबा आले, त्यांनी कार्ड पाहिलं. शब्बीरचाचांना बोलावणं गेलं. ते म्हणाले, "म्या देलं तेव्हा कार्ड साबूत होतं." कोणाच्या हातात दिलं, ते कोणी विचारलंच नाही; डाक पोट्टेच घरी आणतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोवर वही सापडली, वाघ ओलाच होता. आबांनी तुराटी उचलली. मी ओरडलो, "आत्यानं देला मले! तिनंच सांगितलं!" आणि तेवढ्यात तू बादली घेऊन फाटकातून आत आलीस.

आबांनी विचारलं, "मंदा, हे पोट्टं तुह्यं नाव घेते. खरं हाये काय?"

तू बादली खाली ठेवलीस. म्हणालीस, "मी तं धुण्यावर होती, आबा."

ते खोटं नव्हतं. तू धुण्यावर होतीसच. विचारलेल्याचं उत्तर न देता खरं बोलायचं, हे मी पुढे मोठमोठ्या वकिलांकडून पाहिलं, पण शिकलो ते तुझ्याकडून. मला दोन गुन्ह्यांचा मार पडला, एक फाडल्याचा आणि एक खोटं बोलल्याचा. दुसऱ्याचा जास्त लागला. तू तिथेच उभी होतीस, आणि तुझ्या पायाशी बादलीतलं पाणी सांडत होतं.

सोयरिकीच्या कागदाला कोपरा नाही म्हटल्यावर आबांनी तिकडे नकार कळवला. योग नाही, एवढंच लिहिलं, आणि ते पत्रही तुझ्याच हस्ताक्षरात गेलं. लग्नाचे दिवस सरले. पोरगी वर्षभर घरी बसून काय करणार, म्हणून बाबांनी तुझा बुलढाण्याचा डीएडचा अर्ज भरला, आणि आबा नाही म्हणाले नाहीत.

मधले दोन महिने माझे फार वाईट गेले. आजीने धसका घेतला की या पोराचा पाय पांढरा आहे. कोणी बियाणं आणायला निघालं, कोणी दवाखान्यात निघालं, की ती म्हणायची, "गज्या, आत हो." मी माजघरात जाऊन दार लावून बसायचो. माणूस वळणाआड गेला की मला बाहेर काढायचे. पुढे पुढे कोणी सांगायच्या आधीच मी आत जायला लागलो. तू हे सगळं पाहत होतीस. मला तेव्हा तुझा राग आला होता, आत्या. इतका की तुझ्या ताटात मी मीठ टाकलं होतं, आणि तू मुकाट्याने जेवलीस.

मग तू बुलढाण्याला निघालीस. ट्रंक बाहेर आली, आजीने दहीसाखर हातावर ठेवली, आणि सवयीने म्हणाली, "गज्या, आत हो." मी निघालोच होतो. तू दह्याचा हात तसाच धरून म्हणालीस, "नाही. गजू माह्या म्होरं चालन. त्याचं तोंड पाहूनच जाईन, नाहीतर जात नाही." आजीने हातपाय आपटले. तू उंबऱ्यावर बसून राहिलीस. एसटी येऊन गेली असती. शेवटी मीच पुढे झालो, सडकेपर्यंत तुझ्या पुढे चाललो, मागे एकदाही वळून पाहिलं नाही, कारण मी रडत होतो. तू पहिल्या वर्षी पहिली आलीस. त्यानंतर आजीने मला कधी आत कोंडलं नाही. उलट घरचे म्हैस विकत घ्यायला निघाले तर मलाच पुढे घालून नेलं. तुझे माझ्यावर जे काही उपकार आहेत, त्यातला हा एकच मी मानतो. बाकीचे फीचे, पुस्तकांचे, ते कोणीही केले असते.

तरी वाद राहिलाच. मी अकरावीला असताना आपण एसटीच्या मागच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा मी सरळ विचारलं. तू म्हणालीस, "तू रडत होता वाघासाठी. म्हणून देला फाडू." म्हणजे दिलास हे तरी कबूल झालं. मी म्हटलं, "मी रडत नव्हतो." तू म्हणालीस, "रडत होता." चांडोळापासून गावापर्यंत आपण एवढंच बोललो. माझं लग्न झाल्यावर तुझ्या घरी आलो, तू भाकरी थापत होतीस, पुन्हा विषय काढला. तू पिठाचा हात माझ्यापुढे नाचवून म्हणालीस, "तुह्या कोर्टात नेऊन उभी करशील काय मले?" मास्तर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. तुझे यजमान भला माणूस, तुझ्या नोकरीचा त्यांना कायम अभिमान. त्यांच्या कानावर जाईल म्हणून मी आवाज खाली केला, आणि तू लगेच भाजीला फोडणी घातलीस.

मला काय पाहिजे होतं? माफी नको होती. तू फक्त एवढं म्हणायला पाहिजे होतंस, की गजू, मला माहीत होतं. त्या दिवशी अंगणात एवढ्या माणसांत खरं बोलणारा मी एकटाच होतो, हे कोणीतरी एकदा सांगावं, आणि ते सांगू शकणारी दुनियेत एकच बाई होती.

दिवाळीनंतर तुला भेटायला आलो तेव्हा तू फार वाळली होतीस. गोळ्यांचा डबा उशाशी होता. मास्तर औषधं आणायला गेले होते, घरात आपण दोघंच. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "विचार. आता विचारून घे."

मी विचारलं नाही. का, ते अजून मला नीट सांगता येत नाही. थोडी दया आली. थोडा अडेलपणा होता, की आता म्हणते, एवढी वर्षं कुठे होती. मी म्हटलं, "दुपारची गोळी घेतली काय?" तू डोळे मिटलेस, म्हणालीस, "घेतली." ते आपलं शेवटचं बोलणं. मरणाऱ्या बाईने दार उघडलं आणि मी गोळीची चौकशी केली, असा मी माणूस.

आता कालचं सांगतो. पंगती उठल्यावर तुझी वर्षा सगळ्यांच्या आठवणी मोबाईलवर घेत फिरत होती. आईबद्दल जे आठवेल ते बोला, म्हणाली, माझ्या पोरांना पुढे ऐकवीन. माझ्यापुढे आली तेव्हा मास्तर बाजूच्याच खुर्चीवर होते. वर्षा म्हणाली, "गजूदादा, ती कार्डाची गोष्ट सांगा ना. आई म्हणायची, गजूने कोपरा फाडला म्हणून मी शिकले." आणि मग थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही तेव्हा आईचं नाव घेतलं होतं म्हणे. खरंच तिने सांगितलं होतं का?"

मास्तरांनीही मान वर केली. मोबाईल माझ्या तोंडासमोर होता. शपथेवर नव्हतं, पण जवळजवळ तसंच. एवढ्या वर्षांत मला कोणी हा प्रश्न सरळ विचारला नव्हता, आणि उत्तर माझ्या जिभेवर नऊ वर्षांचा असल्यापासून तयार होतं. कोपरा पुरा आला पाहिजे, तेवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हटलं, "नाही. आत्या धुण्यावर होती. मीच फाडला, अन् मार वाचवायले तिचं नाव खोटं घेतलं."

वर्षा हसली, मास्तरही हसले. कोणीतरी चहा आणला. मी चहा घेतला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

गाडीत बसल्यावर राग यायला पाहिजे होता. आला नाही. नांदुऱ्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत होतो, तेव्हा कळलं की माझी तक्रार माराची नव्हती, आणि तू कबूल केलं नाहीस याचीही नव्हती. तू मला वाघाची लालूच दाखवलीस, ते लागलं होतं. आत्या, त्या कडुनिंबाखाली तू नुसतं म्हणाली असतीस, गजू, मले तिकडे नाही जायचं, तर मी वाघ मागितला नसता. कोपरा फाडला असता, मार खाल्ला असता, आणि आबांनी कितीही विचारलं असतं तरी तुझं नाव घेतलं नसतं.